उमरावबाईंचे डोळे आणि मी

मी धीरजभाऊंच्या शहाद्यातल्या स्टुडिओतला बिनतारी फ्लॅश बोलतोय. तीन पायांवर उभा आणि डोक्यावर पांढरी छत्री. पण उन्हा-पावसाशी माझा काही संबंध नाही. कॅमेऱ्याच्या माथ्यावर ट्रिगर नावाची डबी असते. तिने हवेतून हाक मारली की मी लखकन् पेटतो.

विकणारा म्हणाला होता, "ऑटोवर ठेवा, किती उजेड पाडायचा ते हाच ठरवेल." खोटं नव्हतं ते. ऑटोवर मी आधी एक बारीक चमक टाकतो, तिच्यावरून कॅमेरा हिशोब करतो, मग मी खरा चमकतो. बघणाऱ्याला दोन्ही मिळून एकच वाटतात. या हुशारीचा मला फार माज होता.

तो शांतिलालशेठ आणि उमरावबाईंनी उतरवला. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून या नवरा-बायकोला आपल्या दुकानात गादीमागे जोडीचा फोटो लावायचा होता. बाईंची अट एकच, डोळे उघडे हवेत. लग्नाच्या फोटोत घुंघट, आणि पुढच्या सगळ्या फोटोंत डोळे मिटलेले. दर वेळी शेठजी म्हणायचे, "मन्हा तं चांगला उना. छापी टाक." स्वतःचा चेहरा चांगला आला की त्यांचं काम झालं.

पहिला फोटो काढला, डोळे मिटलेले. दुसरा काढला, तेच. शिवाय शेठजींचं धोतर, कुर्ता, टोपी सगळं पांढरंशुभ्र. त्याला भुलून ऑटोला वाटलं, उजेड भरपूर आहे, आणि दोघांचे चेहरे काळवंडले.

शेठजी म्हणाले, "पन्नास वरीस मन्हावर डोया वटारस, आते काबर मिटस?"

बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हाऊ दोनदा चमकस रे धीरजभाऊ! पहिलांदा चमकना का मन्हा डोया मिटी जातस."

चोरी पकडली गेली माझी! धीरजभाऊंनी ऑटो बंद केलं. बायकोला, नूतनवहिनींना, आधी खुर्चीत बसवून, माझं बटण हाताने फिरवत उजेड जमवला. आता आधीची चमक नाही, हिशोब नाही. जोडी पुन्हा बसली.

शेठजींना काही ते पटेना. "इतली भारी ऑटो मशीन लिधी, मंग हातवर काबर..."

लखकन्!

फोटोत उमरावबाईंचे डोळे टपोरे उघडे, घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसे. चेहरेही उजळ. शेठजींचे डोळे मात्र अर्धे मिटलेले आणि तोंड 'काबर'वर उघडं.

"परत काढ भाऊ," शेठजी म्हणाले.

बाई पदर सारखा करून उठल्या. "मन्हा तं चांगला उना. छापी टाक."

आता तोच फोटो गादीमागे आहे. शेठजी त्याच्याकडे पाठ करून बसतात. गिऱ्हाईक आधी वर बघतं, मग त्यांच्याकडे.

वरातीत माणसं पुढेमागे नाचतात, तिथे मी अजून ऑटोवर चालतो. पण तुम्ही निवांत बसून फोटो काढणार असाल, तर भाऊंना सांगा, उजेड हातानेच ठरवा. आणि तेवढा वेळ तोंड मिटून बसा. मी आता एकदाच चमकतो.