गोड केळी

कलाबाईला नवऱ्याचा आवाज हवा होता, आणि तो भोंग्यात अडकला होता.

देवचंद आणि त्याचा धाकटा भाऊ भाईदास धुळ्यात एकाच लोटगाडीवर केळी विकायचे. एक सकाळी, एक संध्याकाळी. घसे बसायला लागले तेव्हा दोघांनी आपापली हाळी भोंग्यात भरून ठेवली. देवचंद जाऊन आठ महिने झाले. आता भाईदास नवा भोंगा घेणार होता. जुना त्यानं दुपारी वहिनीपुढे आणून ठेवला.

"आतमा चार हाळ्या शेतस. भाऊनी कोनती ते सांगा, तुमना फोनमा भरी देस."

"तुले वळखू येत नही?"

"माले बी समजत नही, वहिनी. आमना दोन्हीसना गळा सारखाच. चारी भरी देऊ का?"

कलाबाईनं भोंगा पुढ्यात ओढला. दिराच्या आवाजाला नवरा समजून रडायचं, म्हणजे लाजेनं मेलेलं बरं.

तिनं पहिली लावली. 'ए केळीऽऽ, फैजपूरनी केळी, गोड केळी!' देवचंदच. दुसरी लावली. तोही देवचंदच. मेले चारही देवचंदच निघाले! एकतीस वर्षं संसार केला त्या माणसाचा गळा ओळखू येईना, याचा तिला राग आला आणि मग रडूच कोसळलं.

शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात, इथं होईना. डोळे पुसून तिनं पुन्हा सुरुवात केली. एक ऐकायची, ती कानात धरून दुसरी ऐकायची, दोन्ही धरून तिसरी. सहाव्या खेपेला फरक हाती लागला. तीन हाळ्यांत 'गोड' वर चढत होतं. भाईदासला हौसच दांडगी, तीन-तीनदा भरलेली. एकीत मात्र ते खाली उतरत होतं. देवचंद चहाचा पहिला घोट घेऊन 'गोड' म्हणायचा, ते अगदी असंच.

तेवढीच तिनं पुन्हा लावली. हाळी संपता संपता खरखरीतून एक बाई करवादली, "चहा थंडा व्हई ग्या! येतस का नही?"

कोण ही बया? परत ऐकलं तेव्हा कळलं, ती स्वतःच. आठ महिन्यांत ती अशी कुणावर ओरडली नव्हती. ओरडायला घरात होतंच कोण?

भाईदासनंही कान लावला. "हाईच भाऊनी. पन मांगे तुमना आवाज ई राह्यना. मोबाईलना दुकानवाला तो काढी टाकी."

"नको," कलाबाई म्हणाली. "ऱ्हाऊ दे. तेसले घर बलावनारं कोनी तरी पाहिजे."