चावतो कोणता?

दादाने दोन काडेपेट्या माझ्या सूक्ष्मदर्शकाशेजारी आपटल्या. "घ्या शास्त्रीणबाई, तुमचे पाहुणे."

पहिल्या पेटीत तांबडा-काळा भुंगेरा होता, पाठीवर पांढरे पट्टे, मुंगीसारखा चपळ. दुसऱ्या पेटीतला तपकिरी, गव्हाच्या दाण्याहून लहान, हलवलं तरी ढिम्म. दोघेही घरामागच्या पाइनच्या खोडांवर सापडलेले. ती बारा झाडं बाबांनी लावली होती. सातवं माझ्या जन्माच्या वर्षी.

तपकिरी भुंगेरा सालीखाली बोगदे पोखरून अंडी घालतो आणि झाड उभं वाळवतो. पट्टेवाला त्याला सालीवर गाठून खातो, आणि त्याच्या अळ्या बोगद्यात शिरून तपकिऱ्याच्या अळ्या फस्त करतात. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं.

"पोरीला चावलाय यातला एक. तुझ्या वहिनीने घर डोक्यावर घेतलंय. चावतो कोणता, तेवढं सांग. भाषण नको."

चार वर्षांपूर्वी याच टेबलावरून मी त्याला फोन केला होता. "बाबांचा ताप उतरला का?"

"उतरला," तो म्हणाला होता. मी निर्धास्तपणे हातातलं काम संपवून तिसऱ्या दिवशी घरी गेले. माझ्या फोनच्या तासभर आधीच बाबा गेले होते. "विचारलंस तेवढं सांगितलं," दादा म्हणाला. "लगेच येऊन तू काय दिवे लावणार होतीस?"

मी पहिली पेटी त्याच्याकडे सरकवली. "हा चावतो."

"नक्की?"

"जबडा बघ की."

महिन्याभराने वहिनीचा फोन आला. "वन्सं, वेचून वेचून चिरडले सगळे. औषधालासुद्धा उरला नाही एक. पोर आता खुशाल खेळते झाडांखाली."

"छान," मी म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात दादाने बोलावून घेतलं. बाराही झाडं लाल पडली होती. खोडांशी बारीक भुसा साचला होता. मी सुरीने सातव्याची साल उचकटली. ती पुठ्ठ्यासारखी हातात आली. खाली बोगद्यांची नक्षी.

"वाचतील ना गं?"

"नाही. पट्टेवाले या तपकिऱ्यांना खायचे. ते असते तर वाचली असती कदाचित."

"मग तेव्हा तू मला..." त्याला तो फोन आठवला असावा.

भाची येऊन माझ्या हाताला लोंबकळली. "आत्या, आता नाही ना चावणार?"

"नाही गं," मी सुरी पुसत म्हणाले. "हे चावत नाहीत."