ढब्बूसाठी माती

सुहासरावांनी टबातली चिमूटभर वाळू तळहातावर घेतली, तिच्यावर दोन थेंब पाणी टाकलं आणि अंगठ्याने चोळली. मग हात नाकाशी नेला.

“याला अत्तर लावलंय,” ते म्हणाले. “कोण जाईल यात?”

अश्विनी गॅलरीच्या दारात उभी होती. समोर तीन टब मांडले होते. एकात दुकानातून आणलेली, ओल लागली की गोळे होणारी वाळू, दुसऱ्यात वखारीतला भुसा, तिसऱ्यात पांढरे खडे. ढब्बूने तिन्ही हुंगून पाहिले. पहिल्यात एक पाय टेकवला, झटकला आणि कपाटाखाली जाऊन बसला.

ढब्बू तिचा बोका. लग्नानंतर तो पारनेरला आईकडेच राहिला होता. तिथे गल्लीत कुत्री फार झाली, म्हणून पंधरवड्यापूर्वी तिने त्याला संगमनेरला आणलं. इथे तो लघवी दाबून धरू लागला आणि परवा ती अडलीच. डॉक्टरांनी नळी घालून मोकळी केली. आज नळी काढताना म्हणाले, “बोक्यांना हे जिवावर बेततं. त्याला चालेल असं काहीतरी शोधा. उद्या दुपारपर्यंत झाली नाही, तर लगेच घेऊन या.”

तिचा नवरा अनिमेष आठवडाभर नोकरीसाठी चाकणला असे. घरात सून आणि सासरे, दोघंच. लग्नाला चार महिने झाले तरी दोघं एकमेकांशी जपूनच बोलत. दूध तापवलंय. दार लावून घ्या. येते मी.

“पारनेरला कशात जायचा?” सुहासरावांनी विचारलं.

“लिंबाच्या झाडाखाली. मातीत.”

“कसल्या मातीत?”

“कसल्या म्हणजे... माती, बाबा.”

मृद चाचणी प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे उत्तर पुरणारं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“पावसात पायाला चिकटायची?”

“नाही. पाणी पडलं की लगेच जिरायचं.”

“गोळा व्हायचा तिचा?”

अश्विनीने आठवून पाहिलं. “भातुकलीत मी लाडू वळायचे. एकही धड वळला नाही कधी. हातातच फुटायचे.”

“मुरमाड,” ते स्वतःशीच म्हणाले आणि हात धुवायला गेले.

सकाळी ती उठली तेव्हा ते घरात नव्हते. टेबलावर चिठ्ठी होती : बाहेर जातो. दुपारपर्यंत येतो. त्याच्यावर लक्ष ठेव. तिने कॉलेजात रजा कळवली आणि कपाटासमोर फरशीवर बसून राहिली. ढब्बू रात्रीपासून एकदाही गेला नव्हता.

दहाच्या सुमारास आईचा फोन आला.

“तुझे सासरे आल्ते गं! मी म्हनलं, जेवून जा. न्हाई म्हनले. लिंबाखाली उकिडवे बसले अन् मला म्हनले, बोका नेमका कुठं उकरायचा ते दाखवा. आता दोन पिशव्या खांद्याला लावून निघाले बघ. आळेफाट्याला गाडी बदलायची व्हती त्यास्नी.”

फोन ठेवून अश्विनीने वाकून कपाटाखाली पाहिलं.

एक वाजला. ती ढब्बूला टोपलीत घालून दवाखान्यात निघणार, एवढ्यात दार वाजलं. सुहासरावांच्या सदऱ्याचा खांदा तांबूस झाला होता.

“दहा मिनिटं दे मला,” ते म्हणाले.

त्यांनी माती चाळून खडे बाजूला काढले. अश्विनीने ती उन्हात टाकू का म्हणून विचारलं, तर मान हलवली. “मुरूम इथंही मिळाला असता. यात त्याचा वास आहे. तो राहू दे.”

टब भरून कपाटाजवळ ठेवला आणि तिला घेऊन ते स्वयंपाकघरात आले. समोर बसलं तर तो जाणार नाही, म्हणाले. दोघं ओट्याला टेकून उभी राहिली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग खरखर झाली. थांबली. पुन्हा झाली, या वेळी जोरात, माती मागे ढकलत असल्यासारखी.

अश्विनी जाऊन पाहून आली. तिने नुसती मान डोलावली आणि बाहीने डोळे पुसले.

“भरपूर?”

“भरपूर.”

“छान.” त्यांनी दोन ताटं घेतली, आमटी गरम करायला ठेवली आणि पातेल्यात डाव फिरवत राहिले.

“तुझी आई सांगत होती,” जरा वेळाने ते म्हणाले, “जेवताना तू कधी गप्प बसायचीच नाहीस.”

अश्विनी ताटांत पोळ्या वाढू लागली.

“तुला इथलं काय रुचत नाही?”

“असं काही नाही, बाबा. सगळं छान आहे.”

ते तिच्याकडे वळले. डावातून आमटी ओट्यावर ठिबकत होती.

“आमटीत गूळ फार असतो,” ती हळूच म्हणाली.

“फार?”

“फारच. आणि तिखट नसतंच.”

“बरं. आणखी?”

“पहाटे पाचला रेडिओ.”

“तोही?” सुहासराव म्हणाले. त्यांनी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.