उधाणातही उपसलेली विहीर

"आज आमुशाचं उधान हाय, सूनबाय. हिरीत कळशी टाकू नको." शेवंती आपल्या नव्या सुनेला, सुगंधाला, असं हळूच बजावायची. तो आवाज अजून माझ्या कठड्यात मुरलेला आहे.

मी मुर्धा गावातली एक जुनी विहीर आहे, मित्रांनो. खाडी माझ्यापासून हाकेच्या अंतरावर. पावसाचं गोडं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर सायीसारखं तरंगतं. तेच माझ्या पोटात येई. अमावस्या-पौर्णिमेला उधाण आलं की खाडी खालून रेटा देते. अशा वेळी उपसा केला तर साय फाटते आणि खारं वर येतं. म्हणून अख्खी आळी त्या दिवशी आदल्या दिवसाच्या पाण्यावर भागवी. माझ्या पाण्यात डाळ चटकन शिजते, असं बायका कौतुकाने सांगत. सुगंधाने तर नेमच धरला. देवाच्या अंघोळीला आणि तुळशीला रोज पहिला तांब्या माझाच.

पुढे घरोघरी नळ आले. बायका येईनाशा झाल्या, तरी माझी तक्रार नव्हती. पण ज्याची पहिली अंघोळ माझ्या पाण्याने झाली, त्या सुगंधाच्या लेकानेच, ईश्वरने, माझ्या शेजारी खोल बोअर मारली. टँकर भरू लागले. तिथी कोण पाहतो? शिवाय भाड्याच्या खोल्यांसाठी संडासाचा शोषखड्डाही त्याने माझ्या कुशीलाच खणला.

यंदा तुळस करपली. सुगंधाने माझं पाणी जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

"आये, हीर नासली तुझी," ईश्वर म्हणाला. "देवाला नळाचं चालत न्हाय काय?"

"देवाला समदं चालतं, बाला. पन हीर नासली न्हाय. तू नासवलीस."

"टँकर बंद केला तर खायचं काय? मीठ?"

सुगंधा माझ्या कठड्यावर हात ठेवून पुटपुटली, "येत्या उधानाला पंप चालू देनार न्हाय."

मित्रांनो, समुद्र मला कधी फसवून आला नाही. त्याची वेळ सगळ्यांना ठाऊक होती. फसवलं ते माझ्या घरच्यांनी. पाऊस देतो त्याहून जास्त ओढू नका. आणि घाण पुरण्याआधी शेजारी कुणाचं पाणी आहे, तेवढं पाहा.

आज पौर्णिमा. फाटकात टँकर उभा आहे. सुगंधाने पूजा आटोपली, पदर खोचला. एका हातात जपमाळ, काखेत बसायचा पाट. कुणाला काही न सांगता ती पंपाच्या खोलीकडे निघाली आहे.