रिकामी फ्लॉपी

“अप्पा, एखादी रिकामी फ्लॉपी हाय का?” दाक्षायणीने विचारलं, तसा गुरुशांतअप्पांचा हात आधी नक्ष्यांच्या फ्लॉपी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्याच्या झाकणावर गेला.

दाक्षायणी मालकांची मुलगी. अक्कलकोट रोडवरच्या त्यांच्या चादरीच्या कारखान्यात अप्पा उभ्या जन्माचे नक्षीवाले. मागाला नक्षी पुरवणारा कॉम्प्युटर बंद पडला, म्हणून तिने तसाच एक जुना लॅपटॉप आणला होता. त्याची सिस्टिम उडालेली, पेनड्राइव्हवरून तो सुरू होत नव्हता आणि फ्लॉपी घालायला त्याला खाचच नव्हती. मग तिने वायरीने बाहेरून जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळवला. एका फ्लॉपीवर लिनक्स नावाची सिस्टिम घालायची, त्यावरून लॅपटॉप उठवायचा आणि अप्पांच्या सगळ्या नक्ष्या त्यात उतरवून घ्यायच्या, असं ती समजावत होती.

अप्पांच्या कानात ‘उतरवून घ्यायच्या’ एवढंच राहिलं. शेजारच्या कारखान्यात असंच झालं होतं. आधी नक्ष्या उतरवून घेतल्या, मग नक्षीवाल्याला हार घालून घरी बसवलं.

म्हणूनच डबा रोज अप्पांबरोबर घरी जाई. शिवाय त्यांनी एक शक्कल लढवली होती. करडईच्या फुलाची त्यांची सगळ्यांत जिवाची नक्षी ज्या फ्लॉपीवर होती, तिच्यावर ‘रिकामी’ अशी चिठ्ठी डकवली होती. चोराने उचलू नये म्हणून.

दाक्षायणीने नेमकी तीच काढली. फ्लॉपी बाजारात आता मिळतच नाहीत, म्हणाली. “रिकामीच ना ही, अप्पा?”

खरं सांगायला गेलं तर चिठ्ठी का लावली तेही सांगावं लागणार. जिला कडेवर घेऊन माग दाखवला, तिलाच आपण चोर समजत होतो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

“व्हय,” अप्पा म्हणाले. “रिकामीच हाय.”

तिने आपल्या लॅपटॉपवरून त्या फ्लॉपीवरचं सगळं पुसून तिच्यात लिनक्स भरलं. ड्राइव्ह बराच वेळ करकरत राहिला. मग तो जुन्या लॅपटॉपला जोडला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर सरकल्या आणि एका ठिकाणी थांबल्या.

“नाव विचारतंय. तुमचं घाला.”

“माझं कशाला? मालक तुमी.”

“नक्षी कुणाची हाय?” ती म्हणाली. “घाला की. आता तुमचा पासवर्ड. मी तिकडं बघते.” आणि ती खरोखरच खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

अप्पांनी एका बोटाने ‘करडई’ची इंग्रजी अक्षरं शोधून दाबली. पडद्यावर काहीच दिसेना. त्यांच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली.

“काय उमटंना की.”

“उमटत नसतंय, अप्पा. आत गेलंय ते. तुमच्याशिवाय कुणाला कळणार न्हाय.”

करडईच्या नक्षीची एकच चादर विणली गेली होती, नमुन्याची. अप्पांची बायको गिरिजा होती तोवर तीच चादर अंथरायची. घरी आल्यावर अप्पांनी ती चादर मांडीवर घेतली, नक्षी काढायचा चौकटीचा कागद पसरला आणि सुईच्या टोकाने एकेक धागा वेगळा करत चौकोन भरायला घेतले. कडेची पानं आली, पानांचे काटेही आले. मधोमध मात्र, जिथं गिरिजाची कूस घासायची, तिथं धागेच उरले नव्हते.

तेवढे चौकोन त्यांनी रिकामे सोडले.