उरलेला अर्धा दगड

सहावीच्या सहलीचा फोटो अजून माझ्याकडे आहे. किल्ल्याच्या पायऱ्यांवर एकतीस पोरं ओळीनं उभी आहेत आणि मी वरच्या उजव्या कोपऱ्यात, एका गोलात, एकटी. फोटोच्या दिवशी जो गैरहजर असेल त्याला आमच्याकडे असंच मागाहून चिकटवतात.

मी आजारी नव्हते. बाबांनी पाठवलं नव्हतं. शिरासेचा किल्ला आमच्या बेटावरून समोर दिसतो, बोटीनं पंचवीस मिनिटं. पण आमच्या घरातल्या कुणी त्याच्या दारातून आत जायचं नाही, असा चारशे वर्षांचा नेम. किल्ल्याच्या तटासाठी बेटावरून दगड जायचे. आमच्या पूर्वजानं फोडलेला एक दगड बोटीत चढवताना घसरून पडला. पडलेला दगड किल्ल्याला लावत नाहीत, नाहीतर किल्लाही पडायचा. तो किनाऱ्यावरच राहिला. आमच्या घराण्यानं छिन्नी ठेवून दिली आणि संत्री लावली. आजही बेटावर कुणाचं पोर परीक्षेला बसलं की त्याची आई त्याला आमच्या दारावरून जाऊ देत नाही. सहलीच्या दिवशी मी त्याच दगडावर बसून डब्यातले भाताचे गोळे खाल्ले. किल्ल्यानं माझं काय घोडं मारलं होतं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि पुढची पन्नास वर्षंही नाही.

गेल्या महिन्यात पेपरात एक फोटो आला. तटाची पाहणी करताना समुद्राच्या बाजूला, पार तळाशी, एका दगडावर खूण सापडली होती. वर्तुळ, आणि त्यात दोन आडव्या रेघा. आमच्या दगडावर हीच खूण आहे. बाबांचं वय सत्त्याऐंशी, पण त्यांना चष्मा पुसायला कधी वेळ लागत नाही. त्या दिवशी लागला.

"वर्तुळ काय, कुणीही काढतं," ते म्हणाले आणि पेपर दुमडून ठेवला.

तीन दिवसांनी जेवताना विचारतात, "फुमिए, यंदा दिवसाची मोठी ओहोटी कधी आहे गं?"

"का? शिंपले काढायचेत?"

"शिंपलेच. दुसरं काय?"

"ते आपल्याही किनाऱ्यावर मिळतात."

"शिरासेला मोठे असतात."

ताकाला जाऊन भांडं लपवायची बाबांची खोड जुनी आहे. मी तारीख सांगितली.

त्या सकाळी ते आधी आमच्या दगडाकडे गेले. पूर्वी दगड फोडायला ओळीनं भोकं पाडून त्यांत पाचरी ठोकत. दगड दुभंगला की प्रत्येक भोक अर्धं इकडे, अर्धं तिकडे राहतं. आमच्या दगडाच्या वरच्या कडेला अशी आठ अर्धी भोकं आहेत, आणि डावीकडून तिसरं तिरकं आहे. बाबांनी सरकत्या दाराच्या चौकटीला लावायचा पातळ पांढरा कागद त्या कडेवर धरला, वरून पेन्सिल घासून ठसा घेतला आणि गुंडाळी केली. जो अर्धा पडला त्याचीच गोष्ट आम्ही चारशे वर्षं सांगत आलो. दुसरा अर्धा कुठे गेला, हे कुणी विचारलंच नव्हतं. मलाही सुचलं नाही, याचा आता मला राग येत होता.

बोटीतून उतरल्यावर लोक तिकिटाच्या खिडकीकडे वळले. बाबा उलट बाजूला.

"आपण वाळूवरून जायचं. दारातून नाही."

सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. गुडघ्यापर्यंत बूट घालून आम्ही तटाच्या पायथ्याशी पोचलो. दंडावर पट्टी बांधलेले एक वाटाडे, हिराओका म्हणून, तिथे उभे होते.

"आजोबा, शिंपले तिकडे. इथे नुसतं शेवाळ आहे."

"मला शेवाळच हवंय."

यावर हिराओका आमच्या मागोमागच चालू लागले. खूण त्यांनीच दाखवली, तळापासून तिसऱ्या थरात, ऐन कोपऱ्यात. वरच्या कडेवरचं शेवाळ मी नखांनी खरवडलं. अर्धी भोकं निघाली. मी मोजली तर आठ.

बाबांनी कागद उलगडून कडेला लावला. कागदावर तिसरं भोक तिरकं, दगडावर सहावं. त्यांनी वर सरकवला, खाली सरकवला. मग गुंडाळी केली.

"म्हटलं नव्हतं? कुणीही काढतं वर्तुळ." आणि ते ओल्या वाळूत बसले. माझा बाप असा कुठेही बसत नाही. मला त्यांची फार दया आली, आणि असं वाटणं मला मुळीच आवडलं नाही.

मी चाळीस वर्षं कपडे शिवते. डावी बाही उजव्या खांद्याला लावून पाहावी, तसं काहीतरी खटकत होतं.

"बाबा, कागद पालथा करा."

"का?"

"दोन्ही तुकडे समोरासमोर होते ना? मग इकडचं डावं ते तिकडचं उजवं."

कागद मीच त्यांच्या हातून काढून घेतला, पालथा करून उन्हात धरला, पलीकडच्या रेघा दिसू लागल्या. कडेला टेकवला. आठही भोकं बसली. तिरक्यावर तिरकं.

बाबा उठले. दगडावर तळवा ठेवून उभे राहिले. पाणी परतायला लागलं होतं.

"हा पोचला होता," ते म्हणाले.

"पोचला म्हणजे काय, आजोबा," हिराओका म्हणाले, "या कोपऱ्याचा सगळा भार याच्यावर आहे."

बाबांनी नाक शिंकरलं आणि विचारलं, "तिकीट कुठे मिळतं?"

दारातून आत जाताना ते क्षणभर थांबले, एवढंच. पायऱ्यांपाशी आल्यावर म्हणाले, "तुमचा वर्ग कुठे उभा होता? तिसऱ्या पायरीपासून वर ना?"

तो फोटो त्यांनी कधी पाहिला असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

"हो."

"मग जा. मधोमध उभी राहा."

मी उभी राहिले. आमच्याबरोबर आत आलेल्या हिराओकांनी कॅमेरा रोखला आणि बाबांना हातानं खुणावलं, "आजोबा, तुम्हीही जा की शेजारी."

"नको," बाबा खालूनच म्हणाले. "मला नंतर वरच्या कोपऱ्यात चिकटवा. आज गोलात मी."

मला रडू फुटलं, आणि फोटोत तेच आलंय.