चौथी प्रत

बँकेने आईंचा चेक परत पाठवला तेव्हा पहिला आरोप माझ्यावर आला. मी तो पर्समध्ये कोंबला असेल, चुरगळला असेल, वर चहाही सांडला असेल. आई म्हणजे माझ्या सासूबाई. चेक इस्त्री केल्यासारखा सपाट होता. परत यायचं कारण त्याला टाचलेल्या चिठोऱ्यावर छापलेलंच होतं: सही जुळत नाही.

आम्ही दोघी बँकेत गेलो. तिथल्या चष्मेवाल्या अधिकाऱ्याने आईंच्या जुन्या सहीचं कार्ड काढलं आणि एका कोऱ्या कागदावर सही करायला सांगितलं. आईंनी दोरीला बांधलेलं बॉलपेन उचललं. पहिलं अक्षर झालं, दुसऱ्याला अंगठा कळवळला आणि पेन घसरलं. पुन्हा केली, ती पहिलीपेक्षा वाईट झाली.

"असू दे आजी, वयाप्रमाणे होतंच," तो म्हणाला. "आपण अंगठ्यावर करून टाकू. सोपं पडेल तुम्हाला."

मग त्याने ते सोपं समजावून सांगितलं. अंगठा लावणाऱ्याला चेकबुक मिळत नाही. पैसे काढायला दर वेळी स्वतः यायचं आणि सोबत साक्षीदार आणायचा. "सूनबाई आहेतच की," असं म्हणून त्याने माझ्याकडे बघून गोड हसू फेकलं. महिनाअखेरपर्यंत काय ते कळवा म्हणाला, आणि फॉर्म हातात दिला. मी वेंधळी असल्याचा लौकिक आहे, म्हणून मी जास्तीचे दोन-तीन मागून घेतले.

आईंची अख्खी नोकरी मालवाहतूक कंपनीच्या बुकिंग ऑफिसात गेली. ट्रकमध्ये माल चढवताना जी पावती फाडतात, ती बिल्टी, त्या दिवसभर लिहायच्या. जो हमाल किंवा ड्रायव्हर सहीच्या जागी अंगठा लावायचा त्याला त्या तोंडावर 'अंगठेबहाद्दर' म्हणायच्या. त्यामुळे घरी येताना त्या एक अवाक्षर बोलल्या नाहीत. एरवी बोलून बोलून कान किटवणारी बाई गप्प झाली की घर खायला उठतं. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "पैसे तिथे कुजले तरी चालतील. मी अंगठा देणार नाही."

मलाही ते नकोच होतं, आणि त्यात प्रेमाचा भाग थोडा होता. मी दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. आमचे डॉक्टर दात हसत हसत काढून देतात, रजा देत नाहीत. महिन्याच्या महिन्याला सासूबाईंची साक्षीदार होऊन रांगेत उभं राहायचं, आणि स्वतःच्या पैशासाठी दुसऱ्याचं तोंड बघावं लागतंय म्हणून त्यांची घरभर चिडचिड ऐकायची, हे मला परवडणार नव्हतं.

हाडांच्या डॉक्टरांनी आईंचा हात उलटासुलटा करून पाहिला. अंगठ्याचा सांधा झिजला होता. "दाबणं बंद," ते म्हणाले. "लिहायचंच असेल तर शाईच्या पेनाने लिहा. ते दाबावं लागत नाही, टेकवलं की चालतं." आईंनी जन्मात शाईचं पेन हातात धरलं नव्हतं. शाळेत शिसपेन्सिल आणि नोकरीत बॉलपेन, एवढाच त्यांचा प्रवास.

रिक्षात बसल्याबसल्या त्यांनी हिशेब जाहीर केला. "एका चपलांच्या जोडाला जातात तेवढे पैसे. त्यात पेन, शाई आणि सरावाला कागद, सगळं बसवायचं. आणि चपला म्हणजे तू घेतेस तसल्या नाहीत. मी घेते तसल्या."

मला असल्या मोजूनमापून कामाचा भारी कंटाळा. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून परस्पर स्टेशनरीच्या दुकानात गेले आणि माझ्या पैशांनी एक पेन घेऊन मोकळी झाले. धातूचं, काळंभोर, सोनेरी क्लिपचं. दुकानदाराने समोर जाड गुळगुळीत कागदाची वही सरकवली आणि पेन त्यावर लोण्यासारखं चाललं. मी स्वतःवर खूश झाले.

घरी आईंनी ते हातावर तोललं. "वरवंटा आहे," म्हणाल्या. मग घरातल्या हिशेबाच्या वहीचं पान उघडलं, पेन मुठीत आवळलं आणि सही केली. सही कसली, कागद नांगरला. निबीची दोन टोकं फाकली, मधून शाईचा ओघळ आला आणि पानावर बशीएवढा डाग पडला.

"आई, पेन आहे ते, छिन्नी नाही!" मी ओरडलेच. "डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"मी कुठे दाबलं?"

"दाबलं नाही? खाली टेबलावर सही उमटली असेल."

त्यांनी पान उचलून खरंच टेबल पाहिलं. मग पानाच्या मागच्या बाजूने बोटं फिरवली. ही त्यांची जुनी खोड. कशावरही काही लिहिलं की कागद उलटा करून चाचपायचा. दूधवाल्याची चिठ्ठी असो नाहीतर माझ्या लेकीचं प्रगतिपुस्तक. मला त्या खोडीचा राग यायचा, आणि का करतात हे मी इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी तिरीमिरीत विचारलं.

"बिल्टीच्या चार प्रती निघायच्या," त्या म्हणाल्या. "मध्ये तीन कार्बन. वरची पांढरी माल पाठवणाऱ्याची, मग ऑफिसची, मग ड्रायव्हरची. चौथी निळी, ज्याला माल मिळायचा त्याची. हात हलका पडला की पहिल्या तिघांचं काही बिघडत नाही. चौथ्याचा कागद कोरा जातो. तो तिकडे गोदामात उभा राहतो आणि त्याला म्हणतात, तुझ्या पावतीवर काही दिसत नाही, चालता हो." त्यांनी फाकलेलं पेन माझ्या हातात दिलं. "एकदा झालं होतं तसं, नोकरीला लागले तेव्हा. तो माणूस रात्रभर बसमध्ये बसून परत आला होता माझ्याकडे. मग कधी हलका नाही पडला हात."

पोळलेल्या माणसाला विस्तव साधा असतो म्हणून कोण पटवणार? मी डाग पुसायला घेतला.

"आणि ऐक," त्या म्हणाल्या. "हे तू तुझ्या मनाने आणलंस, तुझ्या पैशाने आणलंस. माझं पाकीट अजून तसंच आहे. उद्या मी येणार दुकानात."

दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराला फाकलेली निब दाखवली. त्याने ती उजेडात धरली आणि मान हलवली. बदलून मिळणार नव्हतं, आणि मी त्यावर घातलेली हुज्जत इथे सांगण्यासारखी नाही. आई मध्ये पडल्या. त्यांना या दुकानातलं सगळ्यात हलकं पेन बघायचं होतं. त्याने पुन्हा ती जाड कागदाची वही पुढे केली. आईंनी ती बाजूला सारली आणि पिशवीतून बँकेचा जास्तीचा फॉर्म काढला.

"तुमच्या कागदावर सगळीच पेनं गुणाची," त्या म्हणाल्या. "मला यावर सही करायचीय. यावर दाखवा."

बँकेचा कागद म्हणजे पापुद्रा. मध्यम टोकाच्या पेनाने त्यावर नुसती रेघ ओढली तरी शाई फुटून तिला मिशा आल्या. त्याहून बारीक टोक घेतलं, मिशा कमी झाल्या. सगळ्यात बारीक टोकाची रेघ स्वच्छ आली, पण ते टोक कागदाला खरखरत होतं. आईंनी काही वेळ दोन्ही ओढून पाहिली आणि खरखरणारं ठेवलं. खरखरलं की हाताला कळतं म्हणाल्या. पेन साधं प्लॅस्टिकचं होतं, पांडुरोग झाल्यासारख्या फिकट पिवळ्या रंगाचं, अंगाने जाड, त्यामुळे अंगठा फार आवळावा लागत नव्हता. टोपण मागे खोचलं की ते जड व्हायचं, म्हणून टोपण काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. पुढचे सगळे दिवस ते माझ्याच हातात राहिलं.

शाईत दुकानदाराने दोन बाटल्या दाखवल्या. एक सुरेख निळी होती, कपड्यावर सांडली तरी धुतली की जाणारी. दुसरी काळपट, एकदा बसली की न हलणारी.

"सही धुऊन जाणारी घेऊ होय मी?" आईंनी काळपट बाटली उचलली, त्यातली लहान.

उरलेल्या पैशांत कागद आणायचा होता. जाड वही बसेना, स्वस्त वहीत शाई फुटे. शेवटी परीक्षेच्या पुरवण्यांचे सुटे कागद मिळाले, त्यावर शाई बऱ्यापैकी शहाण्यासारखी वागत होती. पाकिटात जे राहिलं त्यात चपलेचा अंगठासुद्धा आला नसता. आई समाधानाने दुकानाची पायरी उतरल्या.

सामान आलं, पण हात तोच होता. पुढच्या काही दिवसांत त्यांनी ती निबही फाकवत आणली. त्यांना दाबल्याचं कळतच नव्हतं, आणि मी "दाबताय, दाबताय" म्हणून ओरडले की हात अजूनच ताठ व्हायचा. एका रविवारी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि अंगठा दुसऱ्या हाताने चोळत बसल्या. डोळ्यांत पाणी होतं. मी पाहिलं असं त्यांना कळू नये म्हणून मी उगाच पंख्याकडे बघत राहिले.

"नाही जमत गं," त्या म्हणाल्या. "हाताला वाटतं, खाली कुणीतरी आहे."

उपाय सुचला त्यांनाच. संध्याकाळी त्यांनी आपल्या ट्रंकेतून कार्बनचं पाकीट काढलं. नोकरी सोडताना शिल्लक राहिलेलं, वासावरून जुनं. पुरवणीचा एक कागद, त्याखाली कार्बन, त्याखाली दुसरा कागद. वर सही केली आणि खालचा कागद उचलून पाहिला. सही तिथे ठसठशीत उमटली होती.

"हां," त्या म्हणाल्या. "आता दिसतंय मला. खालचा कोरा यायला पाहिजे."

जन्मभर जी चूक टाळली ती आता शिकायची होती. रोज सकाळी जेवणाच्या टेबलावर त्या बसायच्या आणि मी डबा भरता भरता टोपण धरायची. सही झाली की वरचा कागद न बघता आधी खालचा बघायचा. सुरुवातीला खालची सही वरच्यापेक्षा ठळक. मग ती पुसट होत गेली. मग एखादंच अक्षर राहिलं, आडव्या रेघेला त्या अजून रेटायच्या. मी कामावर निघाले की त्या कागद नाचवत दारापर्यंत यायच्या. नवरा म्हणाला, या घरात आता कोऱ्या कागदाचं कौतुक चाललंय. त्याला आम्ही दोघींनी मिळून गप्प केलं.

महिनाअखेरीला आम्ही बँकेत गेलो तेव्हा चष्मेवाल्याने सगळी तयारी ठेवली होती. फॉर्मवर अंगठ्याच्या चौकोनात पेन्सिलीने खूण, साक्षीदाराच्या रेघेवर खूण, आणि बाजूला शाईचा पॅड झाकण उघडून.

"मी सही करणार आहे," आई म्हणाल्या.

"आजी, परत जुळली नाही तर..."

"तर तेव्हा बघू."

त्याने माझ्याकडे पाहिलं, जणू समजूत घालायचं काम माझं. मी पर्समधून पिवळं पेन काढलं, टोपण उघडलं आणि पेन आईंना दिलं. टोपण माझ्या मुठीत राहिलं. बँकेत पंखा होता, तरी त्यांच्या वरच्या ओठावर घाम दिसत होता. त्यांनी मनगट टेकवलं, थांबल्या, आणि सही केली. आडवी रेघ शेवटपर्यंत एकसारखी गेली.

सवयीने त्यांनी फॉर्म उचलला आणि मागून बोटं फिरवली. एकदा, आणि परत एकदा. मागची बाजू सपाट होती.

अधिकाऱ्याने फॉर्म घेतला, जुन्या कार्डाशेजारी ठेवला. बराच वेळ तो इकडून तिकडे बघत होता. मग अजून दोनदा करून दाखवा म्हणाला. आईंनी केल्या. तिन्ही एकमेकींसारख्या होत्या, आणि कार्डावरच्या सहीसारख्याही, फक्त ती रेटून केलेली आणि या अलगद. त्याने चष्मा काढून पुसला. "जुळते," म्हणाला, आणि पॅडचं झाकण लावलं.

आईंनी फॉर्म परत ओढून घेतला. साक्षीदाराच्या मोकळ्या रेघेवर तिरकी काट मारली.

"आता तू जा कामावर," त्या मला म्हणाल्या. "मला चेक लिहायचाय. मी येईन माझी माझी."

मी निघाले. वाटलं होतं, सुटले एकदाची. पण दारापर्यंत जाईतो दोनदा मागे वळून पाहिलं, आणि त्यात आनंद किती आणि आपल्याला इतक्या पटकन वाटेला लावल्याचं वाईट किती, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

"अगं ए! टोपण!" आईंची हाक साऱ्या बँकेने ऐकली. "टोपण घेऊन कुठे निघालीस? निब सुकेल ना!"

मी परत आले आणि मूठ उघडली. टोपण मी इतका वेळ इतकं आवळून धरलं होतं की तळव्यात त्याचा गोल वळ खोल उमटला होता. आईंनी टोपण उचललं, माझा हात उलटा केला आणि नेहमीसारखी मागून बोटं फिरवली.

"केवढं दाबतेस गं," त्या म्हणाल्या, आणि चेक लिहायला बसल्या.